बाही जरा लांब ठेव

धाकटी बहीण लेकीला घेऊन शाळेचा गणवेश शिवून घ्यायला माझ्याकडे आली. मापं घेताना मी पोरांना दोन्ही हात पसरून विमान करायला लावते. हसत उभी राहिली की माप चुकत नाही. छकुलीनं उजवा हात पसरला. डावा कोपरात सरळच होईना. बाही वर केली, तर दंडावर पट्टीचे वळ. काही ताजे, काही पिवळे पडलेले.

"हे काय गं?"

बहीण मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. "गणितात शून्य आणलं. बाही जरा लांब ठेव, ताई. शाळेतल्या बाई उगाच चौकशा करतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, पोर आहे की जनावर?"

"आम्ही काय तिचे वैरी आहोत? आईनं आपल्याला कमी बदडलं? झालोच ना चांगल्या?" मग जरा हळू आवाजात म्हणाली, "तुला मूलबाळ नाही. तुला नाही कळायचं."

हे वर्मी लागलं. पण वैरी नाही म्हणताना ती खोटं बोलत नव्हती, हेच भयंकर. तिचा नवरा मारायचा, ही तेल चोळायची, आणि दोघांनाही वाटायचं की आपण मुलीला वळण लावतोय. आणि मी मेली! छकुलीच्या देखत बोटभर लांब बाही खडूनं आखून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी लाज वाटली, म्हणून शाळेत गेले. मुख्याध्यापकांना हात जोडून सांगितलं, माझं नाव येऊ देऊ नका. भला माणूस, नाव नाही घेतलं. आईबापांना बोलावून चहा पाजला, समजूत घातली, घरी पाठवलं. पण दंडावरचे वळ शिंपिणीशिवाय बघणार कोण? मेहुण्यांना कळायला कितीसा वेळ लागणार!

गणवेश न्यायला कोणी आलं नाही. बहीण फोन उचलेना. पंधरा दिवसांनी न राहवून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. छकुली आली. डावा हात प्लॅस्टरमध्ये.

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि जवळ आली.

"मावशी, बाबा तुझ्यावर खूप चिडलेत. पण तू घाबरू नको. मी त्यांना सॉरी म्हटलंय. तुझ्या वाटचं पण म्हटलं."