भार्गवन मास्तरांची लिहायची फळी

मी एक जुनी लिहायची फळी आहे. आरामखुर्चीच्या दोन लांब हातांवर आडवी टाकायची, फणसाच्या लाकडाची. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल तर शाळेच्या अडगळीच्या खोलीत पाहिलं असेल, आणि मोडक्या बाकाचा तुकडा समजून पुढे गेला असेल. तुमचा काही दोष नाही. माझ्यावर काय लिहिलं गेलं ते माझ्याकडे बघून कळत नाही.

चालियार नदीच्या काठी, भार्गवन मास्तरांच्या घरामागे माझं झाड उभं होतं. वादळात ते पडलं तेव्हा चात्तुकुट्टी नावाच्या सुताराने त्यातून दोन दारं, एक पाट आणि शेवटी उरलेल्या तुकड्यातून मला काढलं. पेन ठेवायला खाच पाडली, दौतीसाठी गोल खळगा केला. तेव्हा मी हळदीसारखी पिवळी होते. चात्तुकुट्टीने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, हिला वाळवी लागायची नाही. लिहून लिहून तुम्ही थकाल, ही नाही थकायची."

भार्गवन मास्तरांनी त्याच वर्षी शाळेतली नोकरी सोडली होती. ते कोळिक्कोडच्या एका दैनिकाचे बातमीदार झाले, पण गावाने त्यांना मास्तर म्हणणं सोडलं नाही. सकाळी सायकलवरून गावं फिरायची, दुपारी ओसरीवर बसून लिहायचं आणि पाचच्या बसने कागद शहरात धाडायचे, असा त्यांचा दिवस होता. ते पेन दाबून लिहीत. त्यांच्या गोल गोल मल्याळी अक्षरांचे वळ कागदाखाली माझ्या अंगावर उठत. मला त्याचा अभिमान वाटे. विहिरी, शाळा, पूर, नारळावरचा रोग, सगळं आधी माझ्यावर यायचं आणि मग गाव ते वाचायचं. त्यांची पत्नी कार्त्यायनी रोज ओल्या फडक्याने मला पुसायची.

त्रेसष्ट साली नदीत होडी बुडाली. पलीकडच्या तीरावर कौलांचा कारखाना होता. आठचा भोंगा झाला की फाटक बंद व्हायचं आणि बाहेर राहिलेल्याचा दिवस बुडायचा. त्या सकाळी एका होडीत बायका दाटीवाटीने चढल्या. नदीच्या मधोमध होडीची तळफळी सुटली. अकरा बायका गेल्या.

तिसऱ्या दिवशी नावाडी आमच्या ओसरीवर आला. त्याचं नाव बीरान. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली होती. लुंगी सावरून तो पायरीवरच बसला.

"वर या, बीरानिक्का," मास्तर म्हणाले. मोठ्या भावाला म्हणतात तसं ते त्याला इक्का म्हणत.

"इथंच बरं आहे. मास्तर, लिहून घ्या. तळाची फळी कुजली होती. मी होडीच्या ठेकेदाराला, कारखान्याच्याच माणसाला, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, तुला जमत नसेल तर दुसरा नावाडी बघतो. त्या दिवशी मी म्हटलं, निम्म्या बायका आत्ता, निम्म्या परतून येऊन नेतो. तर काठावरून त्याचा मुकादम ओरडला, भोंगा झाला की तू भरून देणार आहेस का यांचा दिवस?"

"मग?"

"मग काय. मी नेल्या. चौघींना काढलं. पाचवीचा हात सुटला." तो आपल्या फडक्यांकडे बघत राहिला.

मास्तरांनी सात पानं लिहिली. त्यांनी इतकं जोर लावून कधीच लिहिलं नव्हतं. ती सात पानं छापली गेली नाहीत. कारखान्याची जाहिरात रोज पहिल्या पानावर असे. संपादक कुरुप यांनी चार ओळी छापल्या: होडी उलटून अकरा जणींचा मृत्यू, नावाड्याला अटक. बीरान आठ महिने आत राहिला. पुढे पुराव्याअभावी सुटला. तो निर्दोष आहे असं मात्र कुणी कुठे म्हटलं नाही.

तीन वर्षांनी मद्रासहून इट्टूप नावाचे एक चित्रपट निर्माते मोटारीने आले. मास्तरांनी त्या सात पानांची एक कथा करून मासिकात दिली होती, ती त्यांनी वाचली होती. "पटकथा लिहा," ते म्हणाले. "पेपरने छापलं नाही ते आपण पडद्यावर दाखवू."

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. प्रसंग लिहून झाला की मास्तर बीरानला बोलावून वाचून दाखवत.

"नदी तिथं अशी वळत नाही मास्तर. तिथं भोवरा आहे."

"भोवरा लिहितो."

"आणि माझ्या तोंडी एवढं मोठं बोलणं नको. मी एवढं बोलतो का?"

कार्त्यायनी आतून हसायची. "यांनाच बोलायची हौस, म्हणून सगळ्यांना बोलायला लावतात!" ती दोघांना तांदळाची पेज आणून द्यायची, वर पापड चुरून. बीरानची मुलगी सैनबा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. तो म्हणायचा, "सिनेमा लागेल तेव्हा जावयाला घेऊन जाईन. लोक बघतील तरी."

चित्रीकरणाच्या पंधरा दिवस आधी इट्टूप पुन्हा आले. ते आरामखुर्चीशेजारी स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्यांनी चहाच घेतला.

"मास्तर, एकच पान बदलायचंय."

"कुठलं?"

"कारखान्याने आत चित्रीकरणाला परवानगी दिली आहे. पण होडी कारखान्यामुळे बुडाली असं दाखवायचं नाही म्हणतात. मग ती बुडाली कशी? तर नावाडी प्यायला होता. दोन मिनिटांचा प्रसंग. बाकी तुमचं सगळं तसंच. बायकांची गरिबी, भोंगा, सगळं."

"बीरान दारूला शिवत नाही."

"बीरान कुठे आहे यात? नावाड्याचं नाव तर वेगळं आहे. बघा, नाहीतर चित्रपटच होणार नाही. मग अकरा बायकांबद्दल कुणालाच काही कळणार नाही. सगळं हवं की काहीच नको, तुम्ही ठरवा."

मास्तर दोन दिवस खुर्चीत बसून राहिले. कार्त्यायनीने एकदाच विचारलं, "अहो, त्याला विचारलंत का?" बीरानला निरोप गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर कोरा कागद ठेवला आणि ते पान लिहिलं. नावाडी काठावर बसून ताडी पितो, तोल जातो, गातो, बायका हसतात, होडी सुटते. मित्रांनो, मला नाही म्हणता आलं नाही. फळीला नाही म्हणता येत नाही. पण मास्तरांना येत होतं.

चित्रपट खूप चालला. त्याला पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की नावाड्याच्या त्या प्रसंगासारखा प्रसंग मल्याळी पडद्यावर कधी उतरला नव्हता. ओसरीवर हार घेऊन माणसं आली, एका हाराचं पाणी माझ्यावर सांडलं, त्याचा डाग अजून आहे. गावाला चित्रपटातलं नाव लक्षात राहिलं नाही, बीरानचं राहिलं. "काय इक्का, आज किती झाली?" पोरं त्याला काठावरून विचारू लागली. त्याच्या होडीत कुणी बसेना. मग सैनबाचं ठरलेलं लग्न मोडलं.

तो आला तेव्हा भर दुपार होती. या वेळी तो पायरीवरही बसला नाही.

"मास्तर, मी तुरुंगात होतो तेव्हा माझ्या पोरीला कुणी बोललं नाही. त्यांना वाटायचं, नशीब. आता म्हणतात, बाप बेवडा आहे, अकरा जणींना बुडवून बसला."

"बीरानिक्का, मी..."

"मी आयुष्यात थेंब घेतला नाही. तुम्ही मला एका पानात पाजलीत."

मास्तरांचे हात माझ्यावर होते.  बीरान वळून निघून गेला. पुढे तो कल्लाईच्या लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायला लागला आणि पाच वर्षांनी तिथेच एका ओंडक्याखाली सापडून गेला.

मास्तरांनी दैनिकाची नोकरी सोडली. आणखी तीन पटकथा लिहिल्या, प्रेमाच्या, कुणाला आठवत नाहीत अशा. पण दर वर्षी होडी बुडाल्याच्या दिवसाआधी ते माझ्यावर कागद ठेवत आणि खरी हकीकत लिहून वर्तमानपत्रांना पाठवत. ती परत येई. एकदा कुरुप स्वतः आले. म्हातारे झाले होते. म्हणाले, "भार्गवन, हे कोण छापणार? लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

"ते मी लिहिलेलं बघितलंय त्यांनी."

"तेच म्हणतोय मी. फार छान लिहिलंस रे तू."

मग घरोघरी टीव्ही आले आणि ओणमच्या सुट्टीत तो चित्रपट दाखवायला लागले. एका वर्षी सैनबा आली. नंतर तिचं एका बिजवराशी लग्न झालं होतं आणि नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती.

"मास्तर, तुम्ही लिहिलाय ना तो? मग या वर्षी लावू नका म्हणून सांगता येईल? घरात नातवंडं असतात."

"माझ्या हातात नाही गं बाई."

"एवढंच एक पान तरी काढायला सांगा."

मास्तरांनी नकाराची मान हलवली. त्यांना आता नीट दिसतही नव्हतं. तरी त्यांनी कागद मागवला आणि तिच्यासाठी लिहिलं की तिचा बाप निर्व्यसनी होता, खोटं मी लिहिलं. ओळी एकमेकींवर चढल्या. शेवटचे शब्द कागदावर नाही, माझ्यावरच उमटले. सैनबाने कागद घडी करून पदरात बांधला. मला दिसत होतं, मित्रांनो, तो कुणालाच वाचता येणार नव्हता.

मास्तर त्याच पावसाळ्यात गेले. शोकसभा आमच्या ओसरीवरच झाली. एका तरुण वक्त्याने नावाड्याचा प्रसंग अख्खा पाठ म्हणून दाखवला. कार्त्यायनी उठून आत गेली. ती दुःखाने गेली असं लोकांना वाटलं.

नंतर आरामखुर्चीला आणि मला शाळेला देऊन टाकलं. काही दिवस आमच्यावर मास्तरांच्या नावाचा कागद चिकटवलेला होता, मग तो निघाला. आणि गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मुलांनी तो प्रसंग बसवला. बांबूची होडी केली. होडीत बसायला आडवी फळी हवी होती, म्हणून मला नेलं. एक छोटी मुलगी मिशा लावून माझ्यावर उभी राहिली, झोकांड्या खाऊ लागली, आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

तिसऱ्या रांगेत सैनबा होती. तिची नात नाचात होती, ते बघायला ती आली होती. ती उठून उभी राहिली. शेजारच्या बाईंनी तिचा हात धरला. "आजी, बसा ना, संपेपर्यंत थांबा. आपल्याच गावच्या मास्तरांनी लिहिलंय हे."

सैनबा बसली. टाळ्या संपेपर्यंत ती खाली बघत होती.

आता मी अडगळीत आहे. माझ्यासारख्या वस्तू जपा, पुसा, उन्हापावसापासून वाचवा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला पुसून काय होणार? लाकूड टिकतं, तेच वाईट आहे. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते पुरं होईल असं मला वाटत नाही. पुढच्या ओणमला तो चित्रपट लागेल. घरचे हसतील, तुम्हालाही हसू येईल. तेव्हा शेजारी बसलेल्या कुणाला तरी हळूच सांगा, बीरान दारू पीत नव्हता.