इलाहीनं सांगितलेला गोल

राजाराम महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड तालमीतालमीत शिरलं होतं. पण बायकांनी मैदानात जाऊन मॅच बघायची रीत नव्हती. त्यामुळे खैरुनबीनं आपल्या धाकट्या लेकाला, चमनला, खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. तरी त्यानं कुठला गोल कसा मारला हे ती तुम्हाला घडाघडा सांगू शकली असती. कारण तिचा थोरला लेक इलाही प्रत्येक मॅच तिच्या कानात घालायचा.

इलाही डोक्यावर पेरूची पाटी घेऊन गावभर हिंडायचा. त्यानं हाळी दिली की पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात येत. असा गळा. एकदा जुन्या बाजारात त्याला मोडक्या ग्रामोफोनचा भोंगा मिळाला. त्या दिवसापासून मॅच असली की तो मैदानाच्या भिंतीवर चढून बसायचा, भोंग्याचं तोंड घरांकडे करायचा आणि आत काय चाललंय ते बाहेरच्यांना सांगायचा. गच्चीवरच्या बायका, दुकान सोडता न येणारे, गुडघे धरलेले म्हातारे, सगळे कान लावून बसत. गावात एका वकिलाच्या बंगल्यात रेडिओ आला होता. गल्लीतली चिमणाबाई तो ऐकून आली आणि म्हणाली, “मुंबईचं समदं सांगतोय त्यो. पर आमच्या पोरांचं एक अक्षर न्हाय. आमचा इलाहीच बरा.”

त्या सालच्या फायनलला चमनची बोळातली तालीम आणि तळ्यापलीकडची तालीम समोरासमोर आली. बक्षिसाला चांदीची ढाल होती. दुपारपासून खैरुनबीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची बाळाबाई तिला खेटून बसली होती.

“वाजली शिट्टी!” भोंगा गरजला. “बॉल त्यांच्याकडं... आपल्या बॅकनं काढला... चमनला दिला... चमन पळतोय, पळतोय... पाडला! पाडला त्याला! उठला. काय झालं न्हाय. उठला.”

खैरुनबीनं धरून ठेवलेला श्वास सोडला. ‘उठला’ हा शब्द इलाही दोनदा म्हणतो, तो आपल्यासाठीच, हे तिला ठाऊक होतं.

मॅच संपत आली तरी गोल नव्हता. मग भोंगा एकदम चढला. “कॉर्नर मिळालाय आपल्याला! बॉल वर आलाय... चमन उडाला... गोल! गोल झाला!”

गच्ची नुसती उसळली. बाळाबाईनं खैरुनबीच्या गळ्यात हात टाकले. चिमणाबाई पदरातला गूळ वाटत सुटली. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी रडत होतं. त्या गलक्यात भोंगा गप्प झालाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग तो परत बोलला. आवाज खाली आला होता.

“ऐका. गोल पंचानं दिलाय. पर हात लागलाय. चमनचा हात लागलाय. पंचाच्या म्होरं माणसं होती, त्याला दिसला न्हाय. मला दिसला.”

बाळाबाईचे हात खैरुनबीच्या गळ्यातून आपोआप गळून पडले.

“काय म्हणाला इलाही?” चिमणाबाईनं विचारलं. ऐकलं सगळ्यांनीच होतं. कुणी खैरुनबीकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडात गुळाचा खडा होता, तो तिला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. एका लेकानं दुसऱ्या लेकाला साऱ्या गावादेखत लबाड ठरवलं होतं, आणि ती दोघांची आई मधे गच्चीवर बसली होती. इलाहीची नजर चुकली असेल. चुकलीच असणार, तिनं मनाशी घोकलं.

“बॉल मधे ठेवलाय,” भोंगा सांगतच होता. “शिट्टी झाली. बॉल त्यांच्या...”

भोंग्याच्या पत्र्यावर दगड बसल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा. मग काहीच नाही.

उरलेली मॅच कशी गेली, इलाही भिंतीवर आहे की भिंतीखाली, गच्चीवर कुणालाच कळेना. बायका एकेक करून जिना उतरल्या. खैरुनबी खाली येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

आधी चमन आला. गळ्यात हार, तोंड गुलालानं माखलेलं. मागं मिरवणुकीची हलगी वाजत होती, तो एकटाच तीतून निसटून आला होता.

“लागला का?” खैरुनबीनं विचारलं.

चमन गळ्यातला हार काढू लागला.

“चुकून लागला, का लावलास?”

“लावला,” तो म्हणाला.

दिवसभरात बसलेला हा दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता. इलाही चुकला असेल ही जी एक आशा होती, तीच गेली.

मग इलाही आला. कपाळ फुटलं होतं, भोंग्याला पोचा पडला होता. खैरुनबीनं ओल्या फडक्यानं रक्त पुसलं. “दगड कुणी मारला?”

“असू दे, अम्मा.”

“कुणी?”

“जोतीरामनं.”

जोतीराम म्हणजे बाळाबाईचा नवरा. गेल्या ईदला याच ओट्यावर बसून दोन वाट्या शिरखुर्मा खाऊन गेलेला. खैरुनबीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

दिवेलागणीला तालमीचे वस्ताद पिराजी चार माणसं घेऊन दारात आले. ते आत आले नाहीत.

“इलाही, पंच देतोय त्यो गोल. तू कोण लागून गेलास? उद्या भोंगा घे आन् ‘माजी नजर चुकली’ म्हणून सांग. इषय मिटला.”

“सांगतो की वस्ताद,” इलाही म्हणाला. “सांगायला काय जातंय? पर म्होरच्या मॅचला आपला खरा गोल झाला आन् मी वरडलो, तर कोण खरं मानंल? ती गच्चीवर बसलेली माणसं स्वतः बगत न्हाईत. माज्या डोळ्यानं बगत्यात.”

“म्हंजी भावापरीस भोंगा मोठा व्हय रं?”

इलाहीनं पोचा पडलेला भोंगा जवळ ओढला. ते पाहून चमन कोपऱ्यातून उठला आणि दारात येऊन उभा राहिला.

“वस्ताद, हात लावला मी. त्यानं खोटं न्हाय सांगितलं.”

पिराजी वस्ताद त्याच्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वी त्यांनी याच पोराला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. त्यांच्या कपाळावरचा गुलालही अजून पुसला नव्हता. “माज्या तालमीतला तू...” एवढंच ते म्हणाले आणि वळले. माणसं त्यांच्यामागून निमूट गेली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद स्वतः ढाल घेऊन तळ्यापलीकडे गेले. तिथल्यांनी ती घेतली नाही. “पंचानं तुमास्नी दिलीया, तुमी ठेवा,” म्हणाले. शेवटी ढाल कुणाचीच झाली नाही. ज्यांनी ती बक्षीस लावली होती त्यांच्याकडे परत गेली. चमनला वस्तादांनी सालभर मैदानात पाय ठेवू दिला नाही.

पुढच्या दोन मॅचना खैरुनबीच्या गच्चीवर कुणी आलं नाही. इलाही मात्र भिंतीवर बसायचा. आता तळ्यापलीकडचे दोन गडी खाली राखणीला उभे असत. तिसऱ्या मॅचला चिमणाबाई आली, आणि तिच्या मागोमाग बाळाबाई. बाळाबाई अंतर ठेवून कठड्याशी बसली. खैरुनबीनं तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. बाळाबाईनं तो घेतला.

त्या दिवशी चमनही वर आला. घरात बसवेना आणि मैदानात जाता येईना. बायकांत अवघडून तो आईजवळ टेकला.

“बॉल त्यांच्या फॉरवर्डकडं,” भोंगा सांगू लागला. “आला आत... आपला गोलकीपर एकटाच हाय... मारला...”

आणि आवाज थांबला. इलाही नुसता श्वास घेत असेल. चमननं खैरुनबीचं मनगट गच्च पकडलं.

“काय झालं? गेला का आत? बोलत का न्हाय ह्यो?”

“थांब. सांगंल की.”

चमनचा चेहरा पांढरा पडला होता. “अम्मा, तुमी असंच बसता व्हय? प्रत्येक मॅचला?”

“असंच.”

“आन् त्या दिवशी, माज्या गोलला बी...” तो मधेच थांबला.

“बाहेर गेला!” भोंगा म्हणाला. “खांबाला घासून बाहेर गेला.”

कठड्याशी बाळाबाईनं मोठा उसासा टाकला. चमननं आईचं मनगट सोडलं नाही. तो भिंतीच्या दिशेनं कान करून बसला.