वळणावरचं पाणी

रविवारी सकाळी आमच्या गावात जो घरी सापडतो, त्याला ताप तरी असतो नाहीतर पाहुणे तरी. बाकीचे सगळे बसथांब्यापाशी जमतात. लांबच्या डोंगरांवर गाडीवाल्यांनी जावं. आम्ही जवळचंच फिरतो: ओकच्या रानातून वर, वळणावरून पुढे, चॅपेलच्या मागच्या कुरणावर. तिथे लाकडी टेबलं आहेत. टोमॅटो, पांढरं चीज, कुणाच्या तरी घरची चीज भरलेली बनित्सा, आणि पुरुषांच्या खिशात राकियाच्या दारूची बाटली. खायचं, गैरहजर माणसांची उणीदुणी काढायची आणि संध्याकाळी उतरायचं. मी, दोब्रा, पस्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. माणसं मला तोंडावरून कळतात, आणि खरं सांगायचं तर फारशी आवडत नाहीत. तरी एक रविवार मी चुकवत नाही.

आमच्या पुढे मिन्को चालतो. शाळेत तो व्यायाम शिकवायचा, त्यामुळे शिट्टी अजून गळ्यात आहे. त्याची मुलगी नेवेना त्या वळणावर गेली. कुरणावरच्या जत्रेतून ती पायी उतरत होती आणि वेलिकाचा मुलगा क्रासिमीर पिऊन गाडी घेऊन येत होता. त्याने तिला उडवलं आणि स्वतः झाडावर आदळला. दोघंही जागीच गेली. दोघांच्या फोटोंची शोकपत्रकं आठवडाभर बसथांब्याच्या फळीवर शेजारी शेजारी चिकटवलेली होती. मग कुणीतरी क्रासिमीरच्या तोंडावर भाजीबाजाराची जाहिरात लावली.

वेलिका विधवा, आणि हा एकुलता एक. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने वाटेवर पाणी बांधतात, म्हणजे हौद आणि तोटी. वाटसरूने प्यावं आणि ‘देव अमक्याला क्षमा करो’ म्हणावं. हे प्रत्येक मेलेल्यासाठी म्हणतात, मग तो दरोडेखोर असो की तान्हं बाळ. ज्याच्या नावाने म्हटलं त्याची तहान तिकडे भागते. घरच्या माणसाने प्यायलेलं मात्र पोचत नाही, परक्याच्याच तोंडून जावं लागतं. वेलिकाने द्राक्षमळा विकला आणि त्या वळणावर, झऱ्याच्या तोंडाशी, दगडी हौद बांधला. पितळी तोटी, साखळीला स्टीलचा पेला, आणि वर पाटी: ‘क्रासिमीरच्या आठवणीसाठी. पाणी प्या आणि त्याच्यासाठी क्षमा मागा.’

दोन वर्षं कुणी प्यायलं नाही.

कुणी ठरवलं नव्हतं. मिन्को पहिल्या रविवारी तिथून मान खाली घालून गेला, म्हणून आम्हीही गेलो. मग तशीच सवय पडली. वेलिका रोज सकाळी झाडू आणि तिपाई घेऊन वर यायची. हौदातली पानं काढायची आणि पेला घासायची. न वापरलेल्या पेल्याला इतकं कुणी घासलेलं मी पाहिलं नाही.

“दोब्रा, धापा टाकतेयस. घोटभर घे ना.”

“माझ्याकडे आहे पाणी.”

“तुझं गरम झालं असेल गं.”

“मला गरमच आवडतं.”

बायका हसल्या. आमच्यात गिनका शिवणकाम करते, आणि तिची जीभ सुईपेक्षा पुढे असते. तिने पेला उचलला, नाकाशी नेला आणि परत सोडला. “पाणी चांगलं असेल हो वेलिकाताई, पण वास येतोय.”

“कसला?”

“राकियाचा.”

सगळी टोळी खिदळत वळणापलीकडे गेली. मी मागे वळून पाहिलं तर वेलिका पेला हुंगत होती. तिला खरंच वाटलं असावं.

एकदा तिने मला खाली बाजारात गाठलं. तो स्वप्नात येतो, म्हणाली. काही बोलत नाही, नुसता ओठांवरून जीभ फिरवतो. “कुणीतरी एकाने प्यावं गं, बास. गावच्याच माणसाने पाहिजे असं नाही. पण त्या वाटेने परकं कोण येतंय?” मला तिची कीव आली. आणि कीव आली की मला राग येतो, म्हणून मी तिला म्हटलं, मिरच्या महाग झाल्यात, आणि पुढे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात धरण आटलं. नळाला सकाळी तासभर पाणी, संध्याकाळी तासभर, तेही तांबूस. गाव हळूहळू वळणाकडे सरकलं. आधी एकटी-दुकटी बाई बादली घेऊन, मग हातगाड्या, मग गाड्यांच्या डिक्कीत प्लास्टिकचे कॅन. वेलिकाला काय करू आणि काय नको असं झालं. तिने ठेवणीतला झगा घातला. हौदाच्या कडेला ताटात आलुबुखार मांडले. प्रत्येकाचा कॅन भरत आला की ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, लहान मुलं जादूगाराच्या हातांकडे बघतात तशी.

कॅन भरत होते आणि तोंडं बंद होती.

शेवटी तिने गिनकालाच विचारलं, “दोन शब्द म्हणशील का गं? पाणी नेतेयस त्याच्या नावचं.”

“हे प्यायचं नाही, वेलिकाताई. प्यायला आम्ही दुकानातनं बाटल्या आणतो. हे संडासात ओतायला.”

वेलिकाने तिचा भरत आलेला कॅन सरळ धरला. मग म्हणाली, “कुठेही ओत. ओतताना म्हण.”

“संडासात उभी राहून म्हणू? देवाचं नाव?”

रांगेतले पुरुषसुद्धा हसले. मीही हसले, हसू येण्यासारखंच होतं ते. ही एवढीशी बाई आणि तिचं हे मागणं. घरी गेल्यावर मी कॅन संडासाच्या दाराशी ठेवला आणि जेवताना माझ्या लक्षात आलं की मला भूक नाही.

त्याच रविवारी मिन्को हौदापाशी थांबला.

आम्ही त्याच्या मागे होतो. रांग आपोआप बाजूला झाली. वेलिका तिपाईवरून उठली आणि हात झग्याला पुसत राहिली. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर आली नव्हती. मिन्कोने साखळीचा पेला घेतला, तोटीखाली धरला, काठोकाठ भरला. पाणी त्याच्या बोटांवरून वाहत होतं. वेलिका रडत होती. मला वाटलं, संपलं आता, हा माणूस पिणार, ही त्याच्या पाया पडणार, आणि आम्ही सगळे खाली गेल्यावर म्हणणार की आमच्या गावासारखं गाव नाही.

“देव नेवेनाला क्षमा करो,” मिन्को म्हणाला आणि पेला एका दमात रिकामा केला.

वेलिकाला काही कळलं नाही. रडता रडता तिने मान हलवली. कुणी प्यायलं की पाणी बांधणाऱ्याने ‘सुखाने जा’ म्हणायचं असतं, तेही ती म्हणाली. मग तिचा हात झग्यावर थांबला.

मिन्कोने पेला पुन्हा भरला आणि गिनकासमोर धरला. “पी. कुणाच्या नावाने ते ऐकलंस ना?”

“देव नेवेनाला क्षमा करो,” गिनका म्हणाली. तिच्या आवाजात जराही चेष्टा नव्हती. तिच्यानंतर दुसरी, तिच्यानंतर पुरुष. टोप्या काढून पीत होते, चर्चमध्ये काढतात तशा. माझी पाळी आली तेव्हा मीही प्याले आणि म्हटलं. पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, आणि गोड. दोन वर्षं असं पाणी वाटेवर असताना मी बाटलीतलं कोमट ढोसत होते. या अख्ख्या गावाचा मला संताप आला.

“मिन्को,” वेलिका म्हणाली, “दोघं एकाच वळणावर गेली रे. पाणी दोघांना पुरेल. तिचंही म्हणा. त्याचंही म्हणा.”

“तो गाडीत होता,” मिन्को म्हणाला. “ती पायी होती.”

त्याने शिट्टी वाजवली आणि आम्ही वर निघालो.

त्यानंतर सगळं गाव त्या तोटीचं पाणी प्यायलं. कॅन भरताना, मुलांना पाजताना, हात धुताना, मोठ्याने: देव नेवेनाला क्षमा करो. शरदात पाऊस झाला, धरण भरलं, नळ पूर्ववत झाले, पण सवय काही सुटली नाही. ‘नेवेनाच्या पाण्यापाशी भेटू’ असं पोरं एकमेकांना सांगू लागली. इतकी वर्षं जिचं नाव काढताना लोक मिन्कोकडे चोरून बघायचे, ती आता सगळ्यांच्या ओठांवर होती. मिन्को सुधारला. रंग आला त्याच्या चेहऱ्यावर. एकदा तर कुरणावर तो नाचलाही. कुणी म्हणेल, मग चांगलंच झालं की.

वेलिका रोज येत राहिली. पानं काढायची, पेला घासायची. आता घासायला कारण होतं, वापरून त्याची झिलई गेली होती. प्रत्येकाला ती ‘सुखाने जा’ म्हणायची, कारण न म्हणणं वाईट. तोटी बंद करून टाक, असं मी तिला एकदा सुचवलं. हौद तिचा आहे, कोण काय करणार?

“आणि एखादा चुकून त्याचं नाव घेणारा आला तर?” ती म्हणाली.

तो आला वसंतात, चेरी फुलल्या होत्या तेव्हा. सायकलवर एक तरुण माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातला, पाठीला पिशवी, चेहरा घामाने लाल. आम्ही वळणावर बाटल्या भरत थांबलो होतो. मिन्को जरा पुढे गेला होता, पण नजरेच्या टप्प्यात होता. सायकलवाल्याने सायकल झाडाला टेकवली, आम्हाला नमस्कार केला, पाटी सावकाश वाचली. चांगल्या घरचा असणार. पेला भरला, प्यायला, तोंड पुसलं.

“देव क्रासिमीरला क्षमा करो.”

वेलिकाच्या हातातला झाडू पडला. ती उठली आणि पुन्हा बसली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, कुणाच्याच चेहऱ्यावर इतकं उघडं काही असू नये. गिनका माझ्याकडे बघत होती. वर मिन्को वळला होता, आणि त्याची शिट्टी त्याच्या ओठांत नुसतीच होती. कुणीतरी बोलायला हवं होतं. माणसाला चुकीचं तिकीट दिलं गेलं तर मी त्याला बसमधून खाली उतरून गाठत असे.

“क्रासिमीर नाही,” मी म्हटलं. “नेवेना.”

“पण इथे लिहिलंय...”

“लिहिलेलं सोडा. आम्ही इथलेच आहोत. इथे नेवेनासाठी म्हणतात.”

तो ओशाळला. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग तिपाईवरच्या काळ्या कपड्यातल्या म्हातारीकडे, आणि त्याला वाटलं की सगळं समजलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“माफ करा हं, आजी. तुमची मुलगी का?”

वेलिकाने पडलेला झाडू उचलला. त्याने पेला पुन्हा भरला. तहान नव्हती त्याला, तरी सभ्यपणे पूर्ण प्यायला. “देव नेवेनाला क्षमा करो. आणि ते आधीचं धरू नका हं. मी मागे घेतो.”

“सुखाने जा, बाळा,” वेलिका म्हणाली.

तो गेला. वरून मिन्कोची शिट्टी आली आणि बायका पिशव्या उचलून चालू लागल्या. मी माझी बाटली भरत मागे राहिले होते. वेलिकाने माझी बाही धरली.

“दोब्रा, तो आधीचा घोट पोचला असेल ना गं? त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं. प्यायच्या लगेच नंतर म्हटलं.”

“त्याने मागे घेतलं ना, वेलिका,” मी म्हटलं, आणि बाटलीचं झाकण लावलं.