चर्च नावाची शेड

घोटी रस्त्यावरचं चर्च अखेर पाडलं. मात्र सरकारी दृष्टीने तिथे चर्च कधी नव्हतंच, त्यामुळे ते पडलंही नाही. आपणही तसंच धरून चालू. चर्च उभं आहे, दारात फकिरा बसला आहे आणि ओरडतो आहे, "चपला भायेर!"

घंटा वाजवणं, झाडलोट करणं आणि चपलांवर ओरडणं, ही फकिराची बापाकडून आलेली वतनदारी. रविवारी ख्रिस्ती घरं प्रार्थनेला येत. बाकीचे दिवस अख्खी पंचक्रोशी एसटीची वाट बघायला येई. भाताची पोती, कोंबड्या, रुसून निघालेले जावई, कुणालाच मज्जाव नव्हता. मज्जाव फक्त चपलांना.

"फकिरा, येष्टी आली की चपला हुडकायच्या का गाडी धरायची?" बांगड्या विकणारी जुलेखाचाची विचारायची.

"देवाच्या घरातून पळायचं नसतं, चाची."

"मंग तुझ्या देवालाच सांग डायवरला थांबवायला."

रस्ता चौपदरी करायला मोजणीवाले आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. त्यांनी पोती पाहिली, कोंबड्या पाहिल्या आणि भिंतीवर लाल रंगात लिहिलं, 'शेड. पाडणे.' वर क्रूस होता. तो त्यांना अँटेना वाटला.

फकिराचं डोकंच फिरलं. रस्ता वळू शकतो हे त्याला ठाऊक होतं. अलीकडेच एका पुढाऱ्याच्या हॉटेलासाठी तो कुणी न सांगता वळला होता. फकिराने कचेरीत इतका आरडाओरडा केला, की मोठे साहेब स्वतः पाहणीला आले.

"साहेब, बूट."

साहेबांनी निमूट बूट काढले. फकिराला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

"आता तुमीच सांगा, शेडमधी कोन बूट काढतं?"

"चांगली सवय आहे," साहेब म्हणाले. "पण इथे चर्च आलं कसं?"

इथे फकिराने खोटं बोलायला हवं होतं. पण चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलणार कसं? आजाकडून ऐकलेलं त्याने जसंच्या तसं सांगितलं. एक परदेशी फादर नाशिकला निघालेला. झाडाखाली मोटारीची वाट बघत बसला. मोटार काही येईना. वेळ जाईना म्हणून त्याने प्रार्थना म्हटली, गुराखी जमले. कुणाच्या तापल्या पोराला त्याने गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही मोटार आली नाही. मग लोकांनीच दगड वाहून भिंती उभ्या केल्या.

"म्हणजे मुळात थांबाच!" साहेबांना मनापासून आनंद झाला.

"अवो, त्यो देवासाठी थांबला!"

"मोटारीसाठी. तुम्हीच म्हणालात."

फकिराने संतापून घंटा बडवली. "बघा मंग, प्रार्थना व्हती का नाय!"

आणि झाली. एसटीची वाट बघणारी धोंडाबाई कोंबड्यांसकट गुडघ्यांवर बसली. जुलेखाचाचीने दुव्यासाठी हात पसरले. रविवारी कधी नसते अशी शांतता पसरली. साहेबांचेही हात जुळू लागले होते.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

चर्च रिकामं झालं. मागे गुडघ्यांवर बसलेला फकिरा आणि धोंडाबाईची एक कोंबडी. लोक पळाले, पण चपला हातात घेऊन, पायरी उतरेपर्यंत पायात न घालता. ते साहेबांनी पाहिलं नाही. ते बूट घालत होते.

पुढचं घडलंच नाही, असं आपलं ठरलं आहे. जेसीबीवाला बूट घालूनच आत शिरला, तेही नाही.

आता तिथे गुळगुळीत डांबर आहे. कंडक्टर अजून "चर्चवाले उतरा" ओरडतो. घोटीला जाणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला चपला काढतात आणि तापल्या डांबरावर, एक पाय उचल एक टेक करत, एसटीची वाट बघतात. ओरडायला कुणी लागत नाही.

फकिराने कचेरीत अर्ज दिला आहे. 'सदर जागा रस्ता दिसत असली, तरी ती आत आहे. सबब, येथून जाणाऱ्या सर्व वाहनचालकांनी गाडी थांबवून पायताणे बाहेर काढून ठेवावीत व मगच पुढे जावे, असा आदेश तातडीने व्हावा, ही विनंती.'