घाबरू नका म्हणणारा टॅब

मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि पाठीवर हळदीचा डाग. मी एक म्हातारा टॅब आहे. वय फार नाही, पण आमच्यात लवकर आजोबा होतात. मोर्शीजवळच्या एका गावात, गावच्या आशा सेविका साधनाताईंच्या पिशवीत माझं आयुष्य गेलं.

मला शहरातल्या एका गार खोलीत शिकवलं. मधुमेहाच्या रुग्णाने त्रास सांगायचा आणि मी सल्ला द्यायचा. माझी भाषा शुद्ध, आवाज गोड. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोक्यात हवा गेली. रुग्णांना मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

साधनाताई मला आळीपाळीने रुग्णांच्या घरी ठेवत. त्यांतल्या केशरबाई झेंडू पिकवायच्या. दसऱ्याच्या तोडणीच्या घाईत त्या मधुमेहाची गोळी घेऊन, न जेवताच वावरात गेल्या. परतल्या तेव्हा घामाने निथळत होत्या, हात थरथरत होते. मला म्हणाल्या, "माहा जीव घाबरून राह्यला बाप्पा."

वऱ्हाडात याचा अर्थ छातीत धडधडतंय, कसंसंच होतंय. मला वाटलं, बाई भ्यायल्या. मी गोड आवाजात म्हणालो, "घाबरू नका. डोळे मिटून शांत बसा."

त्या बिचाऱ्या बसल्या आणि हळूहळू भिंतीशी कलंडू लागल्या. नशीब, साधनाताई तेवढ्यात मला न्यायला आल्या. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने रक्तातली साखर फार उतरली होती, हे ओळखून त्यांनी लगेच साखरपाणी पाजलं. जरा तरतरी आल्यावर केशरबाई कडाडल्या, "मी काय भूत पाह्यलं का वं साधना? हा म्हणते घाबरू नका! याले माह्या घरी नोको आणू."

मला फार वाईट वाटलं. साधनाताईंनी मला शिकवणाऱ्या मैथिलीला फोन केला. ती अमरावतीहून एसटीने आली आणि केशरबाईंच्या ओट्यावर बसली.

"मावशी, यानं काय बोलायला हवं होतं?"

"मले कावून विचारते? शिकेल तं तू हायेस."

"पण जीव तुमचा घाबरतो ना!"

केशरबाई खळखळून हसल्या आणि बोलू लागल्या. शेजारणीही येऊन बसल्या. सल्ला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून दिला, पण माझ्यात भरला तो केशरबाईंच्याच आवाजात.

पुढे दिवाळीच्या तोडणीत पुन्हा तेच झालं. घरी त्या एकट्याच होत्या. "माहा जीव घाबरून राह्यला," त्या पुटपुटल्या.

मी त्यांच्याच आवाजात खेकसलो, "जेवली नाई ना वं? आधी साखर टाक तोंडात! मंग साधनाले बोलाव!"

केशरबाई दचकल्या. मूठभर साखर तोंडात कोंबली आणि मला म्हणाल्या, "टाकली ना बाई, ओरडू नोको."

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखं काहीतरी घडवाल. तेव्हा ज्याच्यासाठी घडवायचं, त्याच्या ओट्यावर आधी जाऊन बसा. माझी बॅटरी आता टिकत नाही. पिशवीत नवा टॅब आला आहे आणि त्यातूनही केशरबाईच ओरडतात. ते ऐकलं की माझा जीव मुळीच घाबरत नाही.