चुकीची दाढ

किल्लीवाल्याची दुखत होती डावीकडची दाढ. डॉक्टरांनी उपटली उजवीकडची.

चूक लक्षात आली तेव्हा दाढ चिमट्यात होती. चांगली ठणठणीत, अजून वीस वर्षं सहज टिकली असती. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. दवाखाना उघडून त्यांना जेमतेम चार महिने झाले होते.

"माफ करा," ते पुटपुटले. "मी समोर उभा होतो ना, त्यामुळे बाजू उलटी झाली."

किल्लीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आदल्याच दिवशी, रविवारी, पाळकांनी चर्चमध्ये दुसरा गाल पुढे करण्यावर तासभर प्रवचन दिलं होतं. इतकी आयती संधी कुणाला मिळते? त्याने तोंडातला कापूस काढला आणि डावा गाल पुढे केला.

"मी तुम्हाला क्षमा केली. घ्या, आता ही काढा."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "आज नको," ते म्हणाले.

घरी बायको मशीनवर कुणाचंतरी पोलकं शिवत होती.

"दुखरी दाढ कुठंय?"

"तोंडात."

"आणि चांगली?"

"डॉक्टरांकडे. पण मी त्यांना क्षमा केली."

"ते झालंच. पण आता चावणार कुठून?"

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीवाल्याने क्षमेची हकिकत सांगितली. मंगळवारपर्यंत सगळ्या गल्लीला ती पाठ झाली. तेव्हा डॉक्टर स्वतःच दुकानात आले.

"तुम्ही मला चार शिव्या द्या," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मला चैन पडत नाही."

"छे! मी क्षमा केलीय."

"निदान तक्रार तरी करा."

"केली म्हणजे केली."

डॉक्टरांना नुसतं परत जाववेना. त्यांनी दवाखान्याची किल्ली पुढे केली आणि तशीच दुसरी करून मागितली. बुधवारी पुन्हा आले, पुन्हा एक मागितली. शनिवारपर्यंत पाच किल्ल्या झाल्या.

"रागावू नका," पाचवी हातात घेत डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, "पण यातली एकही कुलपाला लागत नाही."

बारा वर्षांत किल्लीवाल्याची एकही किल्ली परत आली नव्हती. त्याने कानस खाली ठेवली. तिचे दात झिजून गुळगुळीत झाले होते.

"कुलूपच बिघडलं असेल," तो म्हणाला आणि गालावर हात दाबून धरला.

बायको सगळं बघत होती. "अहो, क्षमा करून झाली असेल, तर सांगत कशाला फिरता?"

पण पाळकांच्या कानावर गोष्ट गेली होती. रविवारी त्यांनी किल्लीवाल्याला सर्वांसमोर आपल्या क्षमेची साक्ष द्यायला उभं केलं. डॉक्टर शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले होते. किल्लीवाल्याने घसा साफ केला.

"प्रियजनहो, माझ्या या भावाला मी मनापासून—"

डाव्या दाढेतून असा ठणका निघाला की तो थेट मेंदूत गेला.

"गाढव आहे हा!" तो ओरडला. "डावी-उजवी कळत नाही! माझी सोन्यासारखी दाढ! मला राग आलाय. सोमवारपासून आलाय, आणि मी गावभर सांगत फिरतोय की आला नाही म्हणून!"

मागे डॉक्टर उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगदी खरं आहे," ते म्हणाले. "आणि त्या किल्ल्या?"

"मुद्दाम नाही हो. पण तुम्ही समोर उभे राहिलात की हातच ऐकत नव्हता."

पाळकांनी हातातले प्रवचनाचे कागद घडी करून खिशात घातले. "आज आपण नुसती प्रार्थना करू," ते म्हणाले.

प्रार्थनेनंतर तिघं दवाखान्यात गेले: डॉक्टर, किल्लीवाला आणि बायको. तिने पर्समधून शिवणकामाचा खडू काढला आणि नवऱ्याच्या डाव्या गालावर ठसठशीत फुली मारली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "हीच ना?" किल्लीवाला खुर्चीत मागे रेलला. पहिल्या वेळी गाल पुढे करणं सोपं गेलं होतं. तेव्हा लोकांना काय सांगायचं ते आधीच मनात तयार होतं. आता सांगण्यासारखं काही नव्हतं. फक्त समोर एक घाबरलेला माणूस होता, आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं होतं. त्याने ते उघडलं.

बरोबर दाढ निघाली.

सोमवारी सकाळी बायकोला त्याची प्रार्थना ऐकू आली. "प्रभू, थोडा राग अजून आहे. आज त्याच्याशी नीट बोलीन. उद्याचं उद्या बघू."

दहाच्या सुमारास डॉक्टर दुकानावरून खाली मान घालून चालले होते. किल्लीवाल्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा की."

दोघांकडेही बोलायला विषय नव्हता. शेवटी समोरच्या गटाराचं झाकण वाकडं का बसवलंय यावर त्यांनी वीस मिनिटं चर्चा केली, आणि त्यावरही त्यांचं एकमत झालं नाही.