घोडीच्या तोंडचं काळं पाणी

सोनुनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काशका-बुलाकचं निम्मं गाव जर्दाळूच्या झाडाखाली बसलं होतं, उरलेलं निम्मं भिंतीवर चढलं होतं. मधोमध लोकरीच्या नमद्यावर मांडी ठोकून बसला होता ताबल्दी तबीब, हातगुणाचा म्हणवणारा वैदू.

रीत साधी होती. आजाऱ्यानं हात धुवायचे, ते पाणी काचेच्या बरणीत ओतायचं. तबीब आपला चामडी बुधला गदागदा हलवायचा आणि त्यातलं 'पवित्र झऱ्याचं' काळपट तपकिरी पाणी वरून घालायचा. बरणी गढूळ. मग डोळे मिटून पुटपुटत अंगठीचा हात बरणीला टेकवायचा, की सगळा काळिमा सरसर त्याच्या मुठीकडं धावायचा. पाणी नितळ!

"आला बाहेर आजार!" बायका ओरडायच्या.

"आता औषधं बंद," तबीब बजावायचा. "डॉक्टरची गोळी आणि माझा हात एका अंगात नांदत नाहीत." आणि जाताना त्या घरची धष्टपुष्ट मेंढी गाडीत चढवायचा. मेंढी बरी नांदायची त्याच्या गाडीत.

सोनुनची थोरली बहीण उरुमकान आपा कोपऱ्यात नमद्याचा नक्षीदार गालिचा, शिर्दाक, शिवत बसली होती. तिचं लक्ष बरणीकडं नव्हतं, धाकटीच्या डोळ्यांकडं होतं. सोनुनला यकृताची कावीळ. वर्षभर गोळ्या घेऊन बाई उभी राहिली होती. तबिबाचं ऐकून तिनं गोळ्या पाटाच्या पाण्यात सोडल्या, आणि आता डोळे पुन्हा हळदीसारखे.

"पिवळं दिसतंय म्हणजे आजार निघतोय, एजे," सोनुन बहिणीला म्हणाली.

"निघतोय खरा. तुला बरोबर घेऊन निघतोय."

घरी चहा घेताना आपाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "झऱ्याचं पाणी म्हणे! मग दर वेळी बुधला कशाला घुसळतो? आपण घोडीच्या दुधाचा कुमीस ओतण्याआधी घुसळतो, का तर गाळ तळाला बसतो म्हणून. त्याच्या पाण्यालाही गाळ आहे."

चहा ओतणारी तिची सून आयझिरेक एकदम थांबली. रस्त्यालगतच्या कारखान्यात काविळीच्या तपासणीचे किट बनतात, तिथं ती कामाला होती. काळ्या पाण्याच्या बाटल्या हलवायला पदवी कशाला लागते, असं आपाचं तिला उभ्या गावासमोर विचारून झालं होतं.

"आपा, आमच्या बाटल्याही तशाच हलवाव्या लागतात. नाहीतर दाणे खाली बसतात. आणि हा ताबल्दी पूर्वी आमच्या कारखान्यातला टाकाऊ माल न्यायची गाडी चालवायचा."

आपानं पेला खाली ठेवला. "मग इतके दिवस तोंडात काय लोणी धरलं होतंस?"

"मी त्याचा खेळ पाहिलाच नाही. तुम्ही म्हणालात, सुनेनं भोंदूंच्या गर्दीत फिरू नये."

"ते बरोबरच म्हणाले मी," आपा म्हणाली. "उद्या चल."

दुसऱ्या दिवशी आपा बरणीभर पाणी घेऊन तबिबासमोर बसली. "घरात एकजण आजारी आहे. उठून यायची नाही. हे तिच्या तोंडचं पाणी."

तबिबानं बुधला हलवला, ओतला, पुटपुटला. काळिमा मुठीकडं धावला. "अरेरे! फार जुनं आहे. जवळच्याच एका बाईनं हेव्यानं करणी केली आहे. पोट जड, रात्री झोप नाही."

"पोट जड आहे, खरंय. गाभण आहे ती," आपा म्हणाली. "पण आमच्या तोरू घोडीचा हेवा कोण करणार? शेजारची गाढवीण?"

भिंतीवरची पोरं हसून हसून खाली पडली. पण ताबल्दीही मुरलेला. "माझ्या हाताला माणूस-जनावर हा भेद नाही! घोडीचाही आजार निघतो!"

काही माना डोलल्या. सोनुनचीही डोलली. ते आपानं पाहिलं. तिनं नमदे शिवायची जाड सुई ओढणीतून उपसली आणि तबिबाच्या अंगठीजवळ नेली. सुई बोटांतून निसटली आणि टक्कन अंगठीला चिकटली.

"हिलाही कावीळ आहे का रे?"

आयझिरेकनं पिशवीतून लोहचुंबक काढला. दुसऱ्या बरणीत नळाचं पाणी घेतलं, बुधला हलवून त्यातलं ओतलं आणि काही न पुटपुटता चुंबक काचेला लावला. काळिमा निमूट चुंबकाकडं गेला.

"हे लोहाचे बारीक दाणे," ती म्हणाली. "पिठाहून कितीतरी बारीक. आम्ही त्यांच्या अंगावर असं काही बसवतो की फक्त काविळीचा विषाणूच त्यांना चिकटतो. रक्ताच्या नमुन्यात दाणे सोडायचे, चुंबकानं कडेला धरायचे, बाकीचं धुऊन टाकायचं. मग विषाणू सापडला की नाही ते कळतं. चुंबक दाणे ओढतो, आजार नाही. आणि हे सगळं नळीतल्या रक्तात चालतं, सोनुन मावशीच्या अंगात नाही. दाणे आजार आहे का ते सांगतात. तो दाबून ठेवतात गोळ्या."

ताबल्दी बुधला सोडून उठला तोवर बायका गाडीतून आपापल्या मेंढ्या उतरवत होत्या.

सोनुन बरणीकडं बघत राहिली. "एजे, गोळ्या तर मी टाकून दिल्या."

"दवाखान्यात अजून आहेत. ऊठ, ओढणी घे. डॉक्टर जे बोलेल ते खाली मान घालून ऐक. मी शेजारी बसेन." आपाचा आवाज जरा कापला, म्हणून ती लगेच गर्दीवर खेकसली, "तुम्ही काय बघता? चमत्कार दिसला की डोळे मिटता कशाला? तेव्हाच तर उघडे ठेवायचे असतात! विचारा, दुसऱ्याच्या हातून होतो का? माणसाऐवजी घोडी आणली तर काय होतं? खऱ्या औषधाला प्रश्नांची भीती नसते. आणि जो गोळी थांबवायला सांगतो, त्याला आधी दाराबाहेर थांबवा."

दवाखान्यातून परतल्यावर जेवणासाठी नमदा पसरला. सोनुनच्या पेल्याशेजारी गोळ्यांची नवी डबी होती. आयझिरेक रोजच्यासारखी सगळ्यांच्या हातांवर पाणी घालायला झारी घेऊन आली. आपानं झारी तिच्या हातातून काढून घेतली.

"हात पुढं कर."

"आपा, सुनेच्या हातावर सासू कधी पाणी घालते का?"

"बडबड नको. पाणी थंड होतंय," आपा म्हणाली आणि तिनं धार धरली.